तुटलं तिथून पुढे

माणिकरावांनी पत्र वाचायला घेतलं तेव्हा रागिणी टेबलाखाली होती. सहा नंबरच्या संगणकाची केबल सैल झाली होती. ती घट्ट करताना तिला वरून फक्त आवाज ऐकू येत होता. तपासणीत तीनशे बारा पानांमध्ये ओळी गहाळ सापडल्या आहेत, असं वरच्या कार्यालयानं कळवलं होतं. त्यातली दोनशेच्या वर पानं एकट्या मनकर्णाबाईंची. तेव्हा त्यांना संगणकावरून उठवून कागद लावायच्या कामाला घ्यावं, आणि उर्दूचे राहिलेले गठ्ठे मार्चअखेर बाहेरगावी पाठवून द्यावेत.

खोलीतली टकटक थांबली. मग मनकर्णाबाईंचा आवाज आला, अगदी हळू.

“साहेब, मी दर पानाला सेव्ह केलं व्हतं. स्क्रीनवर ‘जतन झाले’ असं यायचं, तवाच पुढचं पान घ्यायची मी.”

केंद्राचे प्रमुख माणिकराव तहसिलीतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ होते. पण लेखी आलेल्या शब्दापुढं त्यांचं कधी काही चाललं नव्हतं. मशीन खोटं कशाला बोलेल बाई, असं ते म्हणाले. हातून चूक होते, वयही झालं. रागिणी टेबलाखालून बाहेर आली तेव्हा मनकर्णाबाई चष्मा पुसत होत्या आणि बाकीच्या आठ जणी आपापल्या स्क्रीनकडं बघत होत्या. थोडी थोडी पानं त्यांचीही त्या यादीत होती.

हे केंद्र हिंगोलीच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होतं. खोल्या तीनच, आणि पलीकडं भिंतीला भिंत लावून हळद पॉलिश करायची शेड. एका खासगी संस्थेनं जिल्ह्यातल्या गावोगावचं जुनं दप्तर संगणकावर उतरवायचं काम तिथं मांडलं होतं. कुठल्या गावात विहीर कुणी खोदली, गायरान कुठून कुठवर, पाणंद कुणाच्या बांधावरून जाते, अशा नोंदी. काही मराठीत, काही मोडीत, आणि निजामाच्या अमलातल्या बऱ्याचशा उर्दूत. नऊ बायका नऊ संगणकांवर बसत. त्यांनी लिहिलेलं पान त्यांच्या संगणकात राहत नसे. ते आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर जाऊन बसे. मधे एक प्रोग्राम होता. सर्व्हरवरची पानं आपल्याच संगणकात असल्यासारखी दिसावीत, एवढंच त्याचं काम.

उर्दू वाचणाऱ्या त्या नऊ जणींत एकट्या मनकर्णाबाई. घर शेतकऱ्याचं, पण वडिलांची शाळा निजामी अमलात उर्दूतून झालेली. त्यांनी हौसेनं लेकीला ती लिपी शिकवली, आणि छप्पन्नाव्या वर्षी त्या विद्येला काम मिळालं. डोंगरकड्याहून त्या रोज एसटीनं येत आणि पहिल्या येत.

रागिणी मसाजी पोलेही डोंगरकड्याकडचीच. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की मसाजी आणि पंचफुलाबाई कळप घेऊन वाशिमच्या अंगाला निघत ते मृगाच्या तोंडावर परतत. रागिणी शाळेसाठी गावात आत्याकडं राही. दहावीला गणितात तिला चांगले मार्क पडले तेव्हा आई-बाप शंभर किलोमीटरवर होते. ही बातमी त्यांना तीन दिवसांनी कळली, कारण रानात फोनला रेंज नव्हती. पुढं तिनं हिंगोलीत डिप्लोमा केला. नोकरी शोधताना तिला एवढंच कळलं की मुलींना संगणकावर बसवायला सगळे तयार असतात, संगणक उघडायला देत नाहीत. या केंद्रात तिला घेतलं ते वायरा, प्रिंटर आणि पंखे बघायला. बायका तिला लाडानं ‘वायरवाली’ म्हणत. रिकाम्या वेळी ती प्रोग्रामांचा कोड वाचत बसते, हे त्यांना माहीत होतं, पण कुणी कधी विचारलं नव्हतं.

पत्र वाचलं त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन मनकर्णाबाईंजवळ जाऊन बसली. मनकर्णाबाई जेवत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढून रागिणीच्या पुढ्यात ठेवली. पानं हरवतात हे त्यांना पत्राच्या आधीच कळलं होतं. दोन महिन्यांपूर्वी स्वतःचं जुनं पान उघडलं तर शेवटच्या चार ओळी नव्हत्या. तेव्हापासून पानाचा नंबर, वेळ आणि पानावर टाईप केलेला शेवटचा शब्द त्या वहीत टिपून ठेवत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडून बघायच्या आणि शब्द नसला की फुली मारायच्या.

“कुनाला दाखवली का न्हाई मग?” रागिणीनं विचारलं.

“काय म्हनून दाखवू? मशीन खोटं हाय म्हनून? कोन ऐकंल?”

रागिणीनं फुल्या मोजल्या नाहीत. ती वेळा बघत होती. अकरा दहा. तीन पाच. अकरा बारा. तीन सात. जवळजवळ सगळ्या फुल्या दिवसातल्या त्याच दोन वेळांच्या आसपास होत्या. हाताची चूक घड्याळ लावून होत नसते. ती वही घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेली आणि सर्व्हर स्वतःची जी दैनंदिनी लिहितो ती उघडून बसली. वहीतल्या प्रत्येक फुलीच्या मिनिटाला तिथं नऊच्या नऊ संगणक तुटल्याची नोंद होती. दोन मिनिटांच्या आत ते परत जोडलेही गेले होते.

तुटायचं कारण दुसऱ्या दिवशी अकराला कानांनीच सांगितलं. शेजारच्या शेडमधला पॉलिशचा मोठा ढोल सुरू झाला, बल्ब मिणमिणले आणि ज्या छोट्या डब्यातून सगळ्या केबली सर्व्हरकडं जातात, तो स्विच एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तीनला, जेवणाच्या सुट्टीनंतर, ढोल पुन्हा सुरू व्हायचा तेव्हा तेच.

रागिणीनं स्विचला बॅटरी लावून दिली. त्यानं तुटणं कमी झालं, पण तिचं समाधान झालं नाही. केबल उंदीरही कुरतडतो, पायही अडकतो. तुटणं हा काही गुन्हा नव्हता. परत जोडल्यावर प्रोग्राम ‘जतन झाले’ म्हणत होता आणि ओळी जात होत्या, गुन्हा तिथं होता. ज्या कंपनीनं तो बसवून दिला होता ती कधीच गाशा गुंडाळून बसली होती, तिचा फोन लागत नव्हता. पण त्या प्रोग्रामच्या पोटात फाईली ने-आण करणारा जो भाग होता तो खुला होता. जगात कुणीही तो घ्यावा, वाचावा, सुधारावा. त्याची देखभाल चेन्नईचे एक वयस्क गृहस्थ करत होते.

रागिणी माणिकरावांकडं गेली. मार्चअखेरपर्यंत गठ्ठे पाठवू नका, मला तेवढे दिवस द्या, असं तिनं सांगितलं. माणिकरावांनी विचारलं, तू काय करणार. ती म्हणाली, वाचणार.

आणि तिनं वाचलं. आठ दिवस, केंद्राच्या वेळात, प्रिंटरची कामं उरकून. हळूहळू तिला त्या प्रोग्रामची रीत समजली. बाई पान उघडतात तेव्हा सर्व्हर आपल्या यादीत लिहितो, हे पान अमक्या संगणकाकडं आहे, दुसऱ्या कुणी त्यात लिहू नये. संगणकानं अधूनमधून ‘मी आहे’ असं कळवत राहायचं. तुटलं, तर परत जोडून घेताना आधी आपली ओळख द्यायची, मग ‘ही ही पानं माझ्याकडं होती’ असं सांगून ती परत नावावर करून घ्यायची. कागदावर सगळं बरोबर होतं. तरी ओळी जात होत्या.

उत्तर सापडलं ते संध्याकाळी स्टँडवर, गाडीची वाट बघताना. पंचफुलाबाईंचा फोन आला होता. कळप वाशिमच्या पुढं एका माळावर होता, एका मेंढीला जुळं झालं होतं. बोलता बोलता फोन कटला. रागिणीनं परत लावला तर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. पाच मिनिटांनी एकदाचा लागला, तेव्हा पलीकडून आई चिडलेली होती. तिकडून तीही लावत होती, मसाजीही आपल्या फोनवरून लावत होते, आणि इकडून रागिणी. तिघंही एकमेकांच्या आड येत होते.

“कवापासून सांगून राहिले,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “फोन कुनाचाबी तुटू दे, जोडायचा एकीनंच. म्या लावीन. तुमी दोघं गप ऱ्हा.”

रागिणी खरोखरच गप्प राहिली, इतकी की आईनं दोनदा हॅलो म्हटलं. गाडी समोर येऊन लागली तरी ती बाकावरून उठली नाही.

एकेका संगणकात त्या प्रोग्रामचे तीन-चार हात एकाच वेळी काम करत होते. एक मजकूर पाठवी, दुसरा पानाचं चित्र आणी, तिसरा ‘मी आहे’ म्हणत राही. जोडणी तुटली की ते सगळे दचकत आणि सगळेच स्वतंत्रपणे जोडायला धावत. पहिला जाऊन सर्व्हरला ओळख देई आणि पानं नावावर करून घेई. एवढ्यात दुसरा जाऊन नव्यानं ओळख देई. एकाच संगणकाची नवी ओळख आली की सर्व्हरला वाटे, हा संगणक बंद होऊन नव्यानं सुरू झाला, याचं जुनं काही उरलं नसणार. तो पहिल्यानं परत मिळवलेली सगळी पानं यादीतून खोडून टाकी. मग मजकूर घेऊन येणाऱ्या हाताला सर्व्हर म्हणे, हे पान तुझं नाही. तो नकार प्रोग्राम गिळून टाकी आणि बाईंना सांगे, जतन झाले. मनकर्णाबाई उर्दूच्या एका पानासाठी चार-चार फाईली उघडून बसत: मूळ पानाचं चित्र, शब्दांची यादी, कच्चं लिप्यंतर आणि पक्कं मराठी. जितक्या फाईली जास्त तितके धावणारे हात जास्त, आणि तितकी पुसापुशी जास्त. त्यांची पानं सगळ्यात जास्त का हरवली, ते यात आलं.

चार दिवसांत रागिणीनं दुरुस्ती लिहिली. जोडायला एकच हात जाईल, बाकीचे थांबतील. सकाळी लवकर येऊन तिनं ती नऊही संगणकांवर घातली, माणिकरावांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर स्विच बंद करून चालू केला.

नऊही संगणक गोठले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाण हलेना, पान उघडेना. पूर्वी निदान बाहेरून तरी सगळं चालू दिसायचं. शेवटी सगळे संगणक बंद करून जुनाच प्रोग्राम परत टाकावा लागला, आणि उघड्या पानांतला सकाळचा मजकूर सगळ्यांचाच गेला. माणिकरावांनी शांतपणे सांगितलं की आता या नऊ मशिनांना हात लावायचा नाही.

ती सामानाच्या खोलीत जाऊन बसली. तिथं मोडीत काढलेले दोन संगणक होते, आणि मनकर्णाबाई होत्या. कागद लावायच्या कामाला त्यांना तिथंच बसवलं होतं. रागिणीला रडू येत होतं, पण समोरच्या बाईचं जे गेलं होतं त्यापुढं आपलं रडणं तिला लाजिरवाणं वाटलं. तिनं ते दोन संगणक पुसले, सुरू केले आणि विचारलं, “काकू, जरा टाईप करता का? मी केबल काढते, तुमी लिहीत ऱ्हा.”

मनकर्णाबाईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि खुर्ची ओढली.

पुढचे नऊ दिवस त्या दोघींचा हाच धंदा होता. एक लिहायची, दुसरी तोडायची. मनकर्णाबाई प्रत्येक वेळी शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणत आणि जोडलं गेलं की तो आहे का बघत. गोठण्याचं कारण तिसऱ्या दिवशी हाती लागलं. रागिणीनं सगळ्या हातांना थांबायला सांगितलं होतं, जोडणी पूर्ण होईपर्यंत कुणीही सर्व्हरकडं काही मागायचं नाही. पण जो हात जोडायला जात होता, त्यालाही ओळख द्यायला सर्व्हरकडंच जावं लागे, आणि तोही त्याच रांगेत उभा राही. जोडणी व्हायची वाट बघत, जी त्यानंच करायची होती. रागिणीनं हे समजावून सांगितलं तेव्हा मनकर्णाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

तिनं त्या एका हाताला वेगळी वाट दिली. मग एकेक बारकावा निघत गेला. थांबलेला हात जागा झाला की त्याला कळावं, आपण अडलो होतो ती जोडणी जुनी, आता नवी झाली आहे, म्हणजे तो पुन्हा तोडातोड करणार नाही. त्यासाठी तिनं प्रत्येक जोडणीला क्रमांक दिला. सर्व्हरच बंद पडून उठला, तर तो पहिलं दीड मिनिट फक्त जुन्या हक्कदारांना घेतो, नव्या मागण्या घेत नाही. जुना प्रोग्राम त्या दीड मिनिटातच हाय खाऊन सोडून देई. तिनं त्याला धीर धरायला शिकवलं. आणि शेवटचं, तिच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं: एखादं पान परत मिळालंच नाही, तर ‘जतन झाले’ म्हणायचं नाही. मजकूर संगणकातच बाजूला ठेवायचा आणि स्क्रीनवर तांबड्या अक्षरांत स्पष्ट लिहायचं, हे पान सर्व्हरवर गेलेलं नाही. रोज सगळं पहिल्यापासून तोडून बघायचं, असं चाललं. नवव्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी साठ वेळा तोडलं. साठही वेळा शब्द जागेवर होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून दोन अधिकारी उर्दूचे गठ्ठे न्यायला आले. गठ्ठे बांधून दाराशी ठेवले होते. माणिकरावांनी चहा मागवला, आणि मग त्यांच्या आयुष्यात त्यांनी क्वचित केलं असेल असं काहीतरी केलं. ते म्हणाले, न्यायच्या आधी पंधरा मिनिटं आमच्या मुलीचं ऐकून घ्या.

गेले नऊ दिवस ते सामानाच्या खोलीच्या दारातून जाता-येता ऐकत होते, हे रागिणीला तेव्हा कळलं.

तिनं हे दोन मोडक्या संगणकांवर करून बघितलं होतं, नऊंवर कधीच नाही. तिनं नवा प्रोग्राम नऊ जागी घातला आणि बायकांना म्हणाली, नेहमीसारखं काम करा, काही झालं तरी थांबू नका. मनकर्णाबाईंना तिनं त्यांच्या जुन्या चार नंबरच्या जागी बसवलं. त्यांनी चार फाईली उघडल्या. टकटक सुरू झाली. रागिणी स्विचजवळ गेली आणि प्लग उपसला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात नवी ओळ आली: जोडणी तुटली, थांबावे. बायका लिहीत राहिल्या. रागिणीनं तीस आकडे मोजून प्लग परत लावला. चाळीस सेकंदांत ती ओळ पहिल्या संगणकावरून गेली, मग तिसऱ्या, मग सातव्या. एकेक करत नऊही मोकळे झाले. अधिकाऱ्यांपैकी जो बारीक चणीचा होता तो आतल्या खोलीत जाऊन प्रत्येक पान सर्व्हरवर स्वतः उघडून बघून आला. एकही अक्षर कमी नव्हतं.

“हे वायरीचं झालं,” तो म्हणाला. “सर्व्हरच बंद पडला तर?”

“तुमीच बंद करा साहेब,” रागिणी म्हणाली.

त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं, आत गेला आणि सर्व्हरचं बटण दाबून धरलं. पंख्याचा आवाज थांबला. मग त्यानं तो पुन्हा सुरू केला. सर्व्हर उठायला चार मिनिटं लागली आणि वर ते दीड मिनिट. साडेपाच मिनिटं त्या खोलीत फक्त नऊ जणींच्या बोटांचा आवाज होता. माणिकराव रुमालानं कपाळ पुसत होते. मग एका पाठोपाठ एक कोपरे मोकळे झाले. सगळ्यात शेवटी मनकर्णाबाईंचा, कारण त्यांच्या चारही फाईली परत नावावर व्हायच्या होत्या.

मनकर्णाबाईंनी पान बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि कुणी सांगितलं नसताना शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. कुठल्याशा गावची विहीर, सहा परस खोल, पाणी बारमाही, सर्वांस भरण्यास मोकळी.

बारीक चणीच्या अधिकाऱ्यानं वही मागितली. ती सगळी चाळली, फुल्या आणि सर्व्हरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मग गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडायला सांगितलं. माणिकरावांनी त्या स्वतः सोडल्या. त्यानंतर ते मनकर्णाबाईंच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले, आणि नऊ जणींना, दोन अधिकाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाई, मशीन खोटं बोलत होतं. तुम्ही खरं बोलत होता. माझं चुकलं.”

मनकर्णाबाईंनी मान हलवली. पलीकडच्या शकुंतलाबाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळ्याच जणींनी वाजवली.

दुरुस्ती नऊ संगणकांपुरती ठेवायला रागिणीचं मन घेईना. तिनं ती नीट मांडून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत कारणं लिहून, चेन्नईच्या त्या गृहस्थांना पाठवली. आठ दिवस उत्तर नाही. मग आलं ते तीन पानी. त्यांनी अकरा शंका काढल्या होत्या. रागिणीनं एकेक सोडवली; दोन ठिकाणी त्यांचं बरोबर होतं आणि तिला कोड बदलावा लागला, एका ठिकाणी ती अडून बसली आणि त्यांनी मान्य केलं. एप्रिलच्या अखेरीला तिची दुरुस्ती मूळ प्रोग्राममध्ये गेली. कुठल्या कुठल्या देशांतली ग्रंथालयं, प्रयोगशाळा तो वापरत होती, त्या सगळ्यांकडं आता ती जाणार होती. बदलांच्या यादीत ओळीच्या शेवटी तिचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. सोबत गृहस्थांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. ही चूक माझीच होती, सोळा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. तुम्ही आणखी कुठं कुठं बघाल?

तिनं फोनवर मसाजींना हे सांगितलं. मसाजींना त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण नाव कुठं लागलं ते त्यांनी तीनदा विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, “माजं नाव तितं काहून घातलं? म्या तर काईच केलं न्हाई.” मग काही वेळ फक्त माळावरचा वारा ऐकू आला. रागिणीला वाटलं, पुन्हा तुटला. पण तुटला नव्हता. बाप नुसता थांबला होता.

केंद्रात तीनशे बारा पानं पुन्हा मूळ कागदाशी ताडून भरायची होती. ते काम मनकर्णाबाईंच्या हाताखाली लावलं गेलं. आता त्यांचं टेबल मधोमध होतं, आणि अडलेला शब्द घेऊन बाकीच्या जणी त्यांच्याकडं यायच्या. कोमल नावाची सगळ्यात लहान मुलगी तर सुट्टीत त्यांच्याकडून उर्दूची अक्षरं गिरवून घेऊ लागली. शेडमधला ढोल अकराला सुरू व्हायचा, तीनला सुरू व्हायचा. कुणी मान वर करून बघत नसे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी गठ्ठ्याच्या तळाशी शेवटचा कागद उरला. पिवळा पडलेला, एका गावच्या गायरानाचा. तो कुणी भरायचा यावर बायकांत गोड भांडण लागलं. शकुंतलाबाईंनी कोमलचं नाव घेतलं, कोमलनं मनकर्णाबाईंचं. मनकर्णाबाईंनी कागदाचं मराठी एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात उतरवलं, खुर्चीवरून उठल्या आणि आतल्या खोलीतून रागिणीला हाताला धरून आणलं.

“बस,” त्या म्हणाल्या. “आमच्यासाठी इतकं लिवलं, आता एक पान आमच्यासारखं लिव.”

रागिणीला मराठी टाईप करायची सवय नव्हती. ती दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत बसली. ‘गायरान’ लिहायला तिला पाऊण मिनिट लागलं, आणि जोडाक्षर आलं की सगळ्या जणी मागून एकदम कळ सांगायच्या. नऊ जणी खुर्चीभोवती जमल्या होत्या; माणिकरावही दारात येऊन उभे होते. पानाच्या मधे कुठंतरी तिनं ‘पूर्वेस’मधला उकार ऱ्हस्व लिहिला.

“दीर्घ,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि वाकून तिच्या बोटाशेजारची कळ दाबली.